दुष्ट देवाचा झगा शिवणारी

अमरावतीत आमच्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एका लेडीज टेलरचं दुकान होतं. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेच्या गॅदरिंगचे कपडे. ते चालवणाऱ्या बाईला मी मावशी म्हणायचो. नात्याची कुणी नव्हती. पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या बाजूने उभं राहिलेलं माणूस एकच, ही मावशी. म्हणून आधी तिचं सांगून टाकतो. बाकीच्यांचं मागून आलं तरी चालेल, आणि माझं स्वतःचं तर जितकं उशिरा येईल तितकं बरं.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस आहे. आता तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात पॅकिंगला असतो. कानावर दिवसभर तमिळ, मराठी फक्त फोनवर. लिहायला बसलो तर पहिली भीती ही की कोणी म्हणेल, याला कोणी विचारलं? दुसरी भीती, मावशीला हे आवडेल का. तरी लिहितो.

तेल्हाऱ्याजवळ आमचं गाव. वडील गवंडीकाम करायचे. ते बांधकामाच्या परांचीवरून पडले, त्या वर्षी माझी शाळा सुटली. नंतर ते बरे झाले, शाळा काही परत लागली नाही. बाविसाव्या वर्षी मी अमरावतीत झेरॉक्स आणि बाइंडिंगच्या मशीनवर होतो. दुसरं काही बरं काम बघायला गेलो की पहिला प्रश्न दहावीच्या मार्कशीटचा. मशीनवर मी लोकांच्या मार्कशीटा दिवसाला शंभर काढायचो. माझी एक नव्हती.

रविवारी दुकान बंद असायचं, पण इंजिनीअरिंगची पाच मुलं यायची. त्यांच्यातल्या म्होरक्याचे वडील आमच्या मालकाचे वकील, म्हणून मालकाने त्यांना दुपारची जागा दिली होती. मोठं टेबल, वर पंखा. कुलूप उघडायला मी. ती मुलं एक खेळ खेळायची. त्याला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. म्होरक्या गोष्ट सांगायचा, बाकीचे तिच्यातली माणसं व्हायचे. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि आकडा येईल तसं घडायचं. प्रत्येकाच्या कागदावर त्याच्या शक्ती लिहिलेल्या असत, बळ, वेग, मंत्र. हे कागद मीच झेरॉक्स करून द्यायचो.

गोष्टीतलं राज्य मृत्यूच्या एका दुष्ट देवाने बळकावलेलं होतं. तो देव खेळणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा म्होरक्याची नजर माझ्यावर पडली.

"दादा, तू बस ना. डोकं लावायचं नाही, नुसतं मारायचं."

"मलेच काहून?"

"आवाज तसा आहे ना तुझा. तू 'चहा घ्या' म्हणालास तरी भांडतोयस असं वाटतं."

सगळे हसले. मीही हसलो. त्या टेबलाशी मी तोवर उभाच असायचो, त्या दिवशी खुर्चीवर बसलो. त्याचंच मोठं अप्रूप.

घरी फोनवर वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "देव झाला तू?"

"खेळातला बाबा."

"बावीस प्रतिज्ञा म्हणतो का नाई आपुन? आपल्या घरात देव?"

"वाईट देव हाय बाबा थो. त्याले कोणी पुजत नाई."

"वाईट असो का चांगला, देव तो देवच." पलीकडून आईचा आवाज आला, "अवो, नाटकात रावण होतात, तसं असन थे." वडील म्हणाले, "मंग ठीक हाय. पन लय आत शिरू नको."

मी शिरलो. पहिले दोन रविवार नुसता मोठ्याने हसून माणसं मारली. म्होरक्याच्या पुस्तकात त्या देवाबद्दल तेवढंच होतं, कवट्या, विळा आणि हसू. तिसऱ्या रविवारी मला आमचं विहार आठवलं. वर्षावासात तिथे रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचे आणि आवाज खणखणीत म्हणून लहानपणी मला वाचायला बसवायचे. त्यात मार होता. मृत्यूचा धनी. तोही आधी सैन्य घेऊन येतो, पण ते काही चालत नाही. मग तो झाडाखाली बसलेल्या त्या माणसाला नुसतं विचारतो, या जागेवर तुझा हक्क आहे, याला साक्षीदार कोण? मला वाचताना नेहमी वाटायचं, हे सैन्यापेक्षा भयंकर आहे.

म्हणून मी माझ्या देवाचं हसणं बंद केलं. त्याच्या हातातला विळा काढून पऱ्हाटीची वाळकी काडी दिली, कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती. तो योद्ध्यासमोर येऊन उभा राहिला आणि मी हळू आवाजात म्हणालो, "तू जगावं असं म्हननारा कोन हाय तुह्या बाजूनं?"

आणि नियम असा केला की नुसतं 'मी आहे' म्हणून चालणार नाही. साक्ष द्यायची तर समोर येऊन उभं राहायचं आणि आपल्या कागदावरची एक शक्ती कायमची खोडायची. मग तो जगेल.

योद्ध्याने हसत बाकीच्या दोघांकडे पाहिलं. जादूगाराने आपल्या कागदावर हात ठेवला. चोर म्हणाला, "अरे, माझ्याकडे आधीच दोनच शक्ती आहेत." कोणी उठलं नाही. खेळच होता, पण योद्ध्याचा चेहरा पडला. त्या शांततेत प्लायच्या भिंतीपलीकडून शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला आणि मावशी ओरडली, "विचारलं बापा लय बरोबर!"

लग्नाचे ब्लाउज असायचे म्हणून ती रविवारीही बसायची. त्या प्लायमधून शिंकसुद्धा ऐकू यायची. सोमवारी मी शटर उघडलं की तिचं सुरू. "काय यमराज, काल किती खपवले? कोंबडी कापता येत नाई तुले आन् माणसं मारून रायला!" पण मग हातातलं काम ठेवून विचारायची, "त्या चोराले कोनी साक्ष देल्ली का मंग?"

पुढच्या काही महिन्यांत त्या एका प्रश्नावर सगळा खेळ फिरला. मुलं आठवडाभर एकमेकांशी रुसायची. म्होरक्या म्हणाला, हे आपण स्पर्धेला नेऊ. अकोल्याला एका कॉलेजात नवे खेळ बनवणाऱ्यांची स्पर्धा होती. निवड होईल त्यांना पुण्याची एक कंपनी शिकायला आणि कामाला घेणार होती. मी विचारलं, मार्कशीट लागते का? तो म्हणाला, "कंपनीला आयडिया लागते दादा. तुझं नाव पहिलं." आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कागद न मागता मला आत घेणार होतं. त्या आठवड्यात मी मशीनवर दोनदा उलटे कागद छापले.

नंतर कळलं की फॉर्मवर कॉलेजचा रोल नंबर लागतो. "नाव नंतर जोडू," म्होरक्या म्हणाला. "तू देव होऊन चल. तुझ्याशिवाय मजा नाही." मला ते पटलं. पटवून घेतलं.

झगा मावशीने शिवला. ब्लाउजांचं उरलेलं काळं अस्तर जोडून जोडून. खाली घेर कमी पडला, म्हणून तिथे तिने नुसती कच्ची शिलाई घातली आणि म्हणाली, "थे चालताना उसवन. मीच येतो संग, सुई-दोरा घेऊन." एका दिवसाचं दुकान बंद करून ती आमच्यासोबत एसटीने अकोल्याला आली. मुलं मागच्या सीटवर, आम्ही दोघं पुढे. काडी मी मांडीवर धरून बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, "इंधन घेऊन चालले का भाऊ?"

हॉल भरलेला होता. समोर तीन परीक्षक. एक पुण्याच्या कंपनीचे सर, एक कॉलेजचे, आणि एक मॅडम, अमरावतीच्या एका शाळेत गॅदरिंग बघणाऱ्या. दरवर्षी त्या शाळेचे नाचाचे सगळे कपडे मावशीकडे यायचे. मावशीने लांबून त्यांना नमस्कार केला, त्यांनीही हात केला.

मी तोंडावर काळा कपडा ओढून प्रश्न विचारला. पुण्याचे सर पुढे सरकले आणि खेळ संपल्यावर त्यांनी विचारलं, "हा साक्षीदाराचा नियम कुणाला सुचला?"

म्होरक्या माइकवर म्हणाला, "मला, सर. माझे आजोबा वकील, वडील वकील. लहानपणापासून कोर्टातल्या साक्षीच ऐकत आलोय."

इतकं नीट जुळत होतं की क्षणभर मलाही खरं वाटलं. मी कपड्याआडून योद्ध्याकडे पाहिलं. तो बुटाकडे बघत होता. जादूगार फोनमध्ये. चोराने माझ्याकडे पाहून मान हलवली, जाऊ दे अशी.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ओ साहेब! खोटं बोलून रायला थो पोट्टा."

सगळ्या माना वळल्या. मावशी उभी होती. बोटात शिवणकामाचं अंगुस्तान तसंच.

"तुम्ही कोण?" सरांनी विचारलं.

"म्या झगा शिवला याचा." हॉल हसला. "हसा. त्या काळ्या कपड्यात हाय ना, त्यानं काढलं थे सारं. मी दर आयतवारी आयकत होती."

"तुम्ही खेळत होता का?"

"नाई जी. भिंतीपल्याडून."

आता तर शिट्ट्या आल्या. मॅडम हसू आवरत म्हणाल्या, "मावशी, बसा खाली. तुम्हाला यातलं काय कळतं? आपलं दरवर्षीचं काम आहे ना, कशाला मध्ये पडता?"

मावशीला ते कळलं. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की कळलं. ती म्हणाली, "काम गेलं तं जाऊ द्या मॅडम. खरं हाय थे खरंच हाय."

सर माझ्याकडे वळले. "खरं आहे का? तू केलंस हे?"

मी तोंडावरचा कपडा वर केला. म्होरक्या माझ्याकडे पाहत होता, रागाने नाही, अगदी शांत. मला मालक आठवले, त्यांचे वकील आठवले, सोमवारचं शटर आठवलं. आणि मी म्हणालो, "नाही सर. सगळ्यांनी मिळून केलं."

हॉलमध्ये कोणीतरी टाळी वाजवली. मावशी उभीच होती. मग बसली.

परतताना ती माझ्या शेजारी बसली, पण मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तिथे गाडी थांबल्यावर तिने डबा उघडला. "खाशीन काही?"

"मावशी, मी..."

"गप. भेव वाटलं तुले. मले का वाटत नाई? मी का वाघीण हाव?" तिने पोळी माझ्या हातात दिली. मग डबा बंद करत म्हणाली, "पन पोट्ट्या, मी उभी होती रे तिथं. एकलीच."

मुलांची निवड झाली, तिघं पुण्याला गेले. रविवार बंद पडले. महिन्याभरात मालकाने मला सांगितलं की मशीनवर भाच्याला बसवायचंय. भिऊन वाचवलेली नोकरीही राहिली नाही. त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगचे कपडे दुसरीकडे शिवले गेले, पुढच्या वर्षीही. मावशीने एका शब्दाने कधी ऐकवलं नाही. उलट तिला अस्तर पुरवणाऱ्याच्या ओळखीने तिरुपूरचं हे काम तिनेच लावून दिलं. बडनेराला गाडीत बसवायला आली तेव्हा म्हणाली, "तिकडे कोनी विचारलं तं खरं सांगत जाजो." मी खाली पाहिलं.

मागच्या वर्षी तो खेळ फोनवर आला. इथल्या खोलीत एक बिहारी पोरगा खेळत होता, तेव्हा दिसला. देव परत हसायला लागला आहे. हातात काडी नाही, लोखंडी दंड आहे, वर कवटी. मरायची वेळ आली की तो विचारतो, साक्षीदार कोण? आणि खाली एक चौकोन येतो, साक्षीदार हवा असल्यास जाहिरात पाहा. पोराने जाहिरात पाहिली. कुठल्यातरी साबणाची होती. त्याचा योद्धा जगला. "मस्त गेम है भैया," तो म्हणाला. मी हो म्हणालो. इथेही मी खरं सांगितलं नाही.

लोक त्या देवाला दुष्ट म्हणतात. मला वाटतं, त्याने नुसतं विचारलं. मावशी उठली आणि तिने आपल्याजवळचं देऊन टाकलं. ज्याच्यासाठी ती उभी राहिली, त्यानेच तिला हॉलभर माणसांत खोटं पाडलं.

आता तिला दोरा ओवायला दोनदा-तीनदा बघावं लागतं, असं फोनवर सांगते. मग मला घाई वाटते. रात्री बसून हे लिहिलं तरी जीव हलका होत नाही, कारण यात कुणाचं नाव नाही, गावाबाहेर बसून लिहिलं आहे, आणि मी माझं काहीच खोडलेलं नाही. माझ्याच नियमाने ही साक्ष धरता येत नाही.

म्हणून मावशी, एक दिवस मी येईन. तुला घेऊन त्या मॅडमच्या शाळेत जाईन, मुलं-मास्तर सगळे असतील अशा वेळी. झगा नसेल, तोंडावर कपडा नसेल. तू खरं बोललीस आणि मी खोटं बोललो, हे तुझ्या शेजारी उभा राहून मोठ्याने सांगेन. माझा आवाज भांडल्यासारखा आहे म्हणतात. त्या दिवशी तो तुझ्या कामी येईल.