रंगूनचाचांचा भांड्यांचा ढीग

रंगूनचाचा रस्त्याकडं पाठ करून कधी बसले नाहीत. कल्हई करायला जुन्नरहून आमच्या डोंगरात यायचे आणि डिंभे गावाच्या वर, आमच्या दोन वाड्यांमधल्या ओढ्याकाठी भाता लावायचे. तिथून दोन्ही पायवाटा दिसत. "पळून आलेल्या माणसाला पाठीलाबी डोळे फुटतात," म्हणायचे आणि हसायचे.

तरुणपणी ते ब्रह्मदेशात विलायती कंपनीच्या तेलविहिरींवर होते. तिथं त्याच देशातली माणसं एकमेकांवर उठली, तसे नेसत्या लुंगीनिशी परतले. त्यावर फार बोलत नसत. एवढंच म्हणत, "तेल त्यांच्या भुईतलं, गेलं विलायतेला. मुडदे तेवढे गावात ऱ्हायले."

त्याचा अर्थ आम्हाला हिरड्यानं शिकवला. कातडी कमवायला आमच्या रानातला हिरडा परदेशी जायचा. एका विलायती कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, वरच्या वाडीत हिरडा तोलून घ्यायला काटा टांगतो. म्हणजे आमच्यात. झालं! आमची माणसं लागली मिरवायला, खालच्यांचा हिरडा या काट्यावर चढायचा नाही. खालच्यांनी आमच्या वाटेवरची झाडं कच्च्या फळांसकट छाटली. कोयते निघाले. माझं लग्न खालच्या वाडीत ठरलेलं. पोरीच्या बापानं नारळ परत धाडला.

तेवढ्यात चाचा आले. लग्नसराई होती, आणि बिनकल्हईच्या पितळेत अन्न कळकतं. चाचांनी दोन्ही वाड्यांची भांडी घेतली, चकचकीत केली आणि सगळी एकाच ढिगात ओतली.

"चाचा, आमची येगळी काढा!" आमचा कारभारी ओरडला.

"मी नाय काढत. बायांना धाडा. भांडी त्याच वळखतात."

बाया आल्या. आधी तोंडं फिरवून बसल्या. मग एक म्हणाली, "ही पोचे पडलेली तुमचीच गं!" आणि हसू फुटलं. माझी ठरलेली पोरगी पातेलं हातात घेऊन उठली. आम्ही बाप्ये अलीकडं उभे होतो, आमच्याकडं बघून बोलली, "काटा हितं वढ्यावर टांगा. नायतर हिरडा झाडालाच ऱ्हाईल. येचायला येतंय का कुणी?"

कोण येणार? हिरडा बायाच वेचतात. काटा ओढ्यावरच्या उंबराला टांगला. कंपनी तीच, भावही तिचाच. कोयते तेवढे घरात गेले, आणि नारळ परत आला.

आमच्या लग्नात चाचा मांडवात बसले ते रस्त्याकडं पाठ करून. मी स्वतः पाहिलं.

चाचांना जाऊन जमाना झाला. औंदा तीही गेली. तेराव्याला दोन्ही वाड्यांची भांडी आली, सांगावं लागलं नाही, एकाच ढिगात पडली. संध्याकाळी बायांनी आपापली ओळखून नेली. शेवटी तिचा हंडा राहिला.

तो मी उचलला.