बंजुल: लामिनच्या आईच्या गावी

डिसेंबरच्या सुट्टीत कॅनडातल्या वॉटर्लूतले आमचे मराठी मित्र मेक्सिकोला निघाले. मी गॅम्बियाची राजधानी बंजुल निवडली, कारण ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा लामिन तिथला. त्याचा पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा अर्ज अडकलाय. कॅनडाबाहेर पडलं तर परत येता येईल याची खात्री नाही, म्हणून वडील गेले तेव्हाही तो जाऊ शकला नाही.

"आईला भेट," तो म्हणाला. "मी मजेत आहे, एवढंच सांग."

मी मॉन्ट्रियल आणि कॅसाब्लांकामार्गे गेलो. जाणार असाल तर मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा. बरीचशी हॉटेलं शहराबाहेर समुद्रकाठी आहेत. तिथून शेअर टॅक्सी स्वस्तात गावात सोडते.

राजधानी म्हणून मी काहीतरी भव्य धरून चाललो होतो. बंजुल निघालं आपल्या तालुक्याच्या गावाएवढं. पत्र्याची छपरं, रंग उडालेली दुमजली घरं, आणि रस्ता संपला की नदी, नाहीतर समुद्र. बाजारात सुक्या मासळीचा आणि वाटलेल्या शेंगदाण्यांचा वास. नदीपलीकडे नेणारी फेरीबोट जरूर घ्या, फक्त वेळापत्रकावर विसंबू नका.

दुसऱ्या दिवशी लामिनच्या घरी जेवायला गेलो. शेंगदाण्याच्या दाट रश्शातले मासे आणि भात, सगळ्यांना मिळून एकच मोठं भांडं. मासळीचे चांगले तुकडे आई माझ्यापुढे सारत होत्या. त्या वोलोफ भाषेत बोलायच्या, लामिनची बहीण मारियामा मला इंग्रजीत सांगायची.

"तू येऊ शकलास. मग तो का नाही?" आईंनी विचारलं.

मी परमिट, अर्ज सगळं समजावलं. आईंना ते पटलं नाही.

"फोनवर तो हसतो," त्या म्हणाल्या. "बाप गेला त्या आठवड्यातही हसत होता."

मग मला राहवलं नाही. ती बातमी आली तेव्हा लामिन ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून लहान मुलासारखा रडला होता. मी शेजारी होतो. ते सांगून टाकलं.

मारियामाने हळू आवाजात आईंना सांगितलं. आईंनी डोक्यावरच्या कापडाच्या टोकाने डोळे पुसले.

"मला वाटलं, त्याला काही वाटलंच नाही," त्या म्हणाल्या.

परत आलो तर वॉटर्लूत सगळीकडे बर्फ. लामिन माझ्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

"आईला काय सांगितलंस?"

"खरं ते."

तो शेजारच्या आपल्या खुर्चीत बसला. "काल तिने फोन केला. आधी ती रडली, मग मी. बाबांचे शेवटचे दिवस तिने पहिल्यांदाच मला सांगितले."

बंजुलमध्ये बघण्यासारखं काय, असं लोक विचारतात. मी फेरीबोट आणि बाजार सांगतो. लामिनचा अर्ज अजून तसाच आहे. आईचा फोन आला की तो मीटिंग रूममध्ये जातो. बाहेर येतो तेव्हा कधी डोळे लाल असतात, आणि आता तो ते लपवत नाही.