तेराव्या खांबाखालचा खडक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मठातल्या स्वामींनाही नाही. तुम्हाला तरी का सांगतोय — कुणास ठाऊक.

लातुरात आमच्या गल्लीत मला 'पूलवाले काका' म्हणतात. तरुणपणी समुद्रावरच्या एका मोठ्या पुलाच्या कामावर होतो ना मी! कुठला पूल, ते विचारू नका. बांधायच्या आधी समुद्राच्या तळाला बोअर मारायचे, निघालेले दगडाचे तुकडे पेटीत क्रमानं रचायचे आणि कागदावर लिहायचं — किती खोलीवर पक्का खडक लागला. त्या कागदावरून इंजिनिअर खांबांचा पाया ठरवणार. कागद लिहायचो मी.

मशीनवर इस्लापूरचा गंगाराम. दुष्काळात गावोगाव बोअर मारून त्याचा कान तयार झालेला. तेराव्या खांबाच्या जागी तो थांबला. "सायेब, खाली भुसभुशीत हाय. अजून खोल जावं लागंल, आठ दिस तरी." आमच्याकडं असं लागलं की पाणी येणार म्हणून साखर वाटतात. तिथं मी बोटांवर दिवस मोजायला लागलो. लातूर नुकताच नवा जिल्हा झालेला, कचेरीत भरती निघालेली, आणि चौथ्या दिवशी माझी मुलाखत! घरी आई टँकरमागं घागर घेऊन धावत होती — पण ते कारण नाही. मला ती नोकरी पाहिजे होती, बस्स.

मग काय केलं? — बाराव्या पेटीतले चांगले तुकडे उचलले, तेराव्या पेटीत रचले. लिहिलं, 'पक्का खडक'. गंगाराम बघत होता. "सायेब, वरून माणसं जाणार हायत," एवढंच म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसलो — जास्त शहाणपणा नको म्हणून.

नोकरी लागली. पूलही झाला. पेपरात फोटो आला तेव्हा गल्लीत पेढे कुणी वाटले? मीच! केवढा निलाजरा माणूस.

त्या पुलावरून मी आजवर गेलेलो नाही. माझी लेक जाते. सुशीला पलीकडं दिलीय. रोज बसनं अलीकडं कामाला येते, आता नातीलाही शाळेत सोडायला घेऊन. कितीदा बोलावते. मी गुडघ्याचं निमित्त सांगतो.

आज सकाळी लिंगपूजा आटोपली आणि तिचा फोन आला. हसत सांगत होती, "बाबा, तुमच्या पुलावर मधोमध, त्या लाल दिव्याच्या खांबापाशी, बस हल्ली लई दणका देते बघा."

लाल दिवा बोटींसाठी. नकाशात तो तेराव्यावरच दाखवला होता.

मी म्हणालो, "रस्ता उखडला असेल, बाई."

ती बरं म्हणाली आणि नातीला घेऊन बस पकडायला गेली.