तिसाव्या दिवसाचा मलिदा

पत्नी एस्तेर गेल्यानंतरच्या महिन्यात मी रोज प्रार्थनेचं पुस्तक उघडत होतो, पण मन लागत नव्हतं. कोल्हापुरात आमच्या बेने इस्रायल ज्यू समाजाची घरं जवळपास उरलेली नाहीत. मृतासाठीची कद्दीश प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. इथे मी एकटा. ठाण्याचे माझे भाऊ समाजातल्या लोकांना घेऊन तिसाव्या दिवशी येणार होते, पण आदल्या सकाळी फोन आला की जमत नाही. दहाजण नाहीत तर निदान एक तरी माणूस असावा, ज्याला एस्तेर आठवते, एवढीच ओढ उरली. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आमची कितीतरी वर्षं गेली. माणसं तिने जोडली, मी पुस्तकात डोकं घालून बसलो.

तरी मलिदा करायचं ठरवलं. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, पाच प्रकारची फळं, वासासाठी सब्जाची पानं. प्रार्थना करून हे सगळं वाटायचं, अशी आमची रीत. वाटायचं कुणाला, ते ठाऊक नव्हतं. एस्तेर मंगळवार पेठेतून सामान आणायची. तिथे मी पहिल्यांदाच गेलो. फळवाल्या बाईंना यादी सांगितली, तशा त्या थांबल्या.

"पाच जातीची फळं आन् वर सब्जा? हे तर एस्तेरवैनींचं सामान. तुम्ही त्यांचं मालक न्हवं?"

मी हो म्हणालो.

"मग त्या का न्हाई आल्या? भांडलासा व्हय?"

"ती गेली. उद्या महिना होईल."

त्यांनी हातातला पेरू खाली ठेवला. मग जरा रागानेच म्हणाल्या, "आन् आमाला सांगायचं न्हाई? वैनी आल्या की आदी माझ्या तोंडाकडं बघायच्या, मग फळाकडं. येवढ्या गिऱ्हाइकात त्यांनीच माझं नाव इचारलं हुतं." पदराने डोळे पुसून त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता?"

मी वेळ आणि पत्ता सांगितला. त्या खरंच येतील असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. बरोबर त्यांची जाऊ आणि शेजारच्या गाळ्यातले बांगडीवाले चाचा. मलिद्याच्या वेळी आमचा प्रेषित एलियाहू हन्नबी येतो, असं आम्ही मानतो. कोणत्या रूपात, ते कुणी सांगू शकत नाही. मी प्रार्थना म्हटली. तिघांना त्यातला शब्द कळत नव्हता, तरी हलले नाहीत. मग सब्जाचं पान हुंगत चाचा म्हणाले, "बहेनजी माझ्या नातीच्या मनगटाचं माप मला सांगून जायच्या, मीच विसरायचो." तिच्याबद्दल दुसऱ्यांच्या तोंडून ऐकताना मला महिन्याभरात पहिल्यांदा रडू आलं.

मलिदा हातावर ठेवताना मी प्रत्येकाला नाव विचारलं. फळवाल्या बाई सोनाबाई.

कद्दीश राहिलीच, आणि ती उणीव अजून बोचते. माणूस देवाच्या प्रतिमेत घडला, हे मी आयुष्यभर वाचत आलो. एस्तेर पिशवी घेऊन पेठेत जायची आणि प्रत्येकाशी तसं वागायची. मी देवाकडे मोजून दहाजण मागत होतो. कोणाला पाठवायचं हे आता त्याच्यावर सोडतो, आणि जे आले त्यांच्यासाठी त्याचे आभार मानतो. ती मात्र रोज हवीशी वाटते. दर आठवड्याला पेठेत जातो. परवा सोनाबाईंचे डोळे सुजलेले दिसले. आधी काय झालं ते विचारलं, फळं नंतर घेतली.