वाईपुढचा 'न'

अंबूबाईनं गूळ सोडला होता. इस्लामपूरजवळच्या उसाच्या गावात, गुऱ्हाळांच्या वासात राहून गूळ सोडायचा, म्हणजे काय खायचं काम आहे? पण शंभूराज फौजेत भरती झाला त्या दिवशी तिनं वाईच्या गणपतीला हात जोडले होते. "देवा, माझं लेकरू धडधाकट घरी येऊ दे. तुज्या पायाशी मोदक ठेवीन, तवाच गुळाला तोंड लावीन."

नवसाचा बोभाटा करू नये, हे तिच्या सासूचं सांगणं. त्यामुळं घरात कुणाला पत्ता नाही. आईला शुगर आहे, असं कुणीतरी म्हटलं आणि सगळ्यांनी मानलं. पोरगा पेन्शनवर घरी येऊनही आता तीनेक वर्षं होत आली. वाईला न्या म्हणावं, तर कशाला ते सांगावं लागणार.

अशात फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, मिक्सर घरघरत असताना सून संयोगिता ओरडून म्हणाली, "आई, उद्या वाईन टूर! तुम्हीपण यायचं हं."

अंबूबाईनं ऐकलं ते 'वाई अन् टूर.' तिचा जीव सुपाएवढा झाला. देवानंच सुनेच्या तोंडून सांगावा धाडला म्हणायचा! आधी वाई, मग टूर म्हणजे महाबळेश्वर असणार. त्या महाबळेश्वराशी तिला काय करायचंय? पहाटे उठून तिनं गूळखोबऱ्याचं सारण केलं, मोदक तळले, ओल्या फडक्यात दुर्वा बांधल्या आणि ठेवणीतलं इरकली लुगडं नेसली. तिचे मालक नाथाजी उसाला पाणी पाजायला मागं राहिले.

गाडी वाईच्या वाटेवरच्या पेठनाक्याकडं न जाता उलटीच निघाली. कुंडलच्या वन्सना घ्यायचं असेल, असं तिनं मनाशी धरलं. कुंडलही मागं पडलं. पुढं द्राक्षांच्या बागा लागल्या आणि एका फाटकापाशी गाडी थांबली. वर हीऽऽ मोठी पाटी. अंबूबाई एकेक अक्षर लावायला लागली.

"वा... ई..." तिचा चेहरा फुलला. "...न. आरं, ह्यो 'न' कशाला जोडलाय?"

शंभूराज हसला. "आई, वाईन. द्राक्षाची असती. हितंच करत्यात."

म्हणजे ही वाई नव्हेच! पण संयोगिताच्या लग्नाचा वाढदिवस होता, पोरगी हौसेनं फोटो काढत होती. तिच्या आनंदात मिठाचा खडा कशाला टाकायचा? मोदकांचा डबा पोटाशी धरून बिचारी मागोमाग चालू लागली.

बाग झाली, स्टीलच्या टाक्या झाल्या, गारेगार तळघरातली लाकडी पिंपं झाली. मग रेश्मा नावाच्या मुलीनं टेबलावर पेले मांडले. "आजी, प्यायलाच पाहिजे असं नाही. तोंडात घोळवायची आणि इथं थुंकायची."

"आगं, मग दात घासायला बलिवलंय व्हय आमास्नी?"

सगळे खो खो हसले. अंबूबाईही हसली, पण तिचं चित्त डब्यात होतं.

जेवायला मांडवाखाली पिठलं, भाकरी, भरली वांगी. अजून एक वायनरी बघून घरी जायचा बेत होता. रेश्मानं अंबूबाईच्या ताटात तुपाची गूळपोळी वाढायला घेतली, तोच शंभूराजनं ताटावर हात आडवा धरला. "तिला नगं. शुगर हाय."

झालं! बाईचा बांध फुटला.

"कुणाला शुगर हाय रं? गूळ सोडलाय मी! तू फौजेत गेलास त्या दिसापास्नं सोडलाय!" आणि मग वाई, मोदक, सकाळपासूनची आशा, सगळं भडाभडा बाहेर पडलं. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आन् आता बोलले बी. नवस मोडला का गं बाई?"

संयोगिता तोंडावर हात ठेवून बसली. शंभूराजनं ताट बाजूला सारलं. मग हात धुऊन आला आणि आईजवळ उकिडवा बसला. "गनपतीचे कान मोठे हायत, आई. हलके न्हाईत. ऊठ."

"आरं, पण तुमची दुसरी वाईन?"

"ऱ्हाऊ दे ती," असं म्हणत त्यानं मोदकांचा डबा उचलला. गाडी चालवायची म्हणून त्यानं वाईनला हात लावला नव्हता, तेवढं बरं झालं.

दिवेलागणीला वाई आली. दोन घोट घेतलेली संयोगिता लाजून घाटाच्या पायरीवरच थांबली. मायलेकरं देवळात गेली. मोदक देवापुढं ठेवून अंबूबाईनं लेकाच्या डोक्यावरनं हात फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला.

घाटावर येऊन शंभूराजनं प्रसादाचा मोदक मोडला आणि आईच्या तोंडात घातला. ती सावकाश चावत राहिली. गालावरनं पाणी ओघळत होतं.

"गोड झालाय?" त्यानं विचारलं.

"लय गोड हाय रं, बाळा."

मग उरलेला अर्धा सुनेच्या हातावर ठेवत अंबूबाई म्हणाली, "वाई झाली. आता पुढल्या ऐतवारी तुजा त्यो 'न' बघू. मातर मला थुंकायला सांगू नगंस!"