ओळख पटवायला आलेली माणसं

गेल्या वर्षी, उसाचा हंगाम सुरू असताना, अंथुर्ण्याच्या अलीकडे माझ्या थोरल्या भावाची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. भावाचं हेल्मेट घरी खिळ्याला होतं. डोक्याला मार लागला, मेंदूत रक्त साकळलं. बारामतीत ऑपरेशन झालं.

भाऊ आमच्या वस्तीवरच्या दूध केंद्रात दूध तपासायचा. काचेच्या नळीत दूध आणि ॲसिड घेऊन, यंत्रात फिरवून दुधातली फॅट मोजायची, हे काम त्याने लग्नाआधीपासून केलं होतं. तो दवाखान्यात असतानाच केंद्रात बटणांचं नवं मशीन आलं.

डॉक्टरांनी वहिनीला आणि मला एकत्र बसवून सांगितलं. जुनं बहुतेक सगळं आठवेल. नवीन टिकणार नाही. शिकवलेलं पुन्हा पुन्हा शिकवावं लागेल. बोलायला, चालायला तो बरा दिसेल आणि त्यामुळेच लोकांना हे पटणार नाही.

तो घरी आला तशी माणसं भेटायला येऊ लागली. आमच्याकडे डोक्याला मार लागलेल्या माणसापुढे बसून प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. केंद्राचे अध्यक्षही आले. त्यांना सगळे आबा म्हणतात.

"मला वळखलं का?"

"आबा, तुमाला न वळखायला काय झालं? तुमची मोरी म्हस आजून लाथ मारती का?"

ओसरीवर हशा झाला. शेजारचे तात्या म्हणाले, "ह्यो तर पैल्यापेक्षा हुशार झालाय."

वहिनी दारात उभी होती. "जुनं समदं हाय, आबा. सकाळी काय खाल्लं, इचारा की."

"सूनबाई, त्ये तर मला बी सांगता याचं न्हाय."

पुन्हा हसले. जाताना आबांनी त्याला कामावर बोलावलं. भावाला त्या कामापलीकडे काही येत नव्हतं आणि काही हवंही नव्हतं. वहिनीने डॉक्टरांचं म्हणणं परत सांगितलं. आबा म्हणाले, "डाक्टर भ्या घालत्यातच."

कंपनीच्या माणसाने मशीन शिकवलं. आधी गाय की म्हैस ते बटण, मग नमुना, शेवटी मशीन धुणं. सकाळी भावाला जमलं. संध्याकाळी त्याने मशीनकडे पाहून विचारलं, "हे कुणाचं?" मग वहिनी रोज शेजारी उभी राहून एकेक पायरी सांगू लागली. गवळी तिच्यासमोरच म्हणायचे, "मशीन बायकू चालिवती, ह्यो नुसता बसतो."

वहिनीची आई आजारी पडली म्हणून ती इंदापूरला गेली. त्या सकाळी भावाने गाईचं सगळं दूध म्हशीच्या बटणावर तपासलं. फॅट चुकीची निघाली. मशीनवरचा आकडा पाहून तात्यांच्या दुधात पाणी असल्याचं त्याने चारचौघांत सांगितलं. तात्या भडकले.

"माझ्या बापाचं, आज्याचं नाव सांगतोस. मग बटन कसं ध्यानात ऱ्हात न्हाय? सोंग घेतोस व्हय?"

"तात्या, मला ह्ये कुणी शिकिवलंच न्हाय," भाऊ म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. कुणीतरी मागून म्हणालं की सकाळीच घेऊन आलाय. अपघातानंतर त्याने दारूला हात लावला नव्हता. आधीही तो पीत नव्हता.

बैठक झाली. मी डॉक्टरांचा कागद नेला होता. आबांनी तो वाचला नाही. "म्या सोता बोललोय त्याच्याशी. डोकं शाबूत हाय. कामाची नियत न्हाय," ते म्हणाले. मशीन चालवता येणारं दुसरं कोणी वस्तीवर नव्हतं, म्हणून जागा वहिनीला दिली.

भावाला हे त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागलं. तो रोज सकाळी आंघोळ करून केंद्रावर जातो आणि आपल्या खुर्चीत बायको का बसली आहे, असं विचारतो. सुरुवातीला ती कारण सांगायची. आता ती म्हणते, "आजच्या दिस बसते."

आज सकाळीही तो गेला. सगळ्यांचं दूध घालून होईपर्यंत भिंतीला टेकून उभा होता.