तक्त्यातला चौथा रकाना

"दाराचा सांग, विमानाचा नको!" मनगटावरच्या घड्याळावर दोन बोटं आपटत दादा म्हणायचे. साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसातून इंजिनीअर मशीन दुरुस्त करायला देशभर जातात. त्यांची विमानाची तिकिटं दादा काढत. माझं टेबल त्यांच्या शेजारी.

कोणी म्हणालं, "दादा, दिल्ली काय, दोन तास!" की झालं. "तुझं घर काय धावपट्टीवर आहे? मुलुंडहून निघणार, पवईला अडकणार, रांगेत उभा राहणार, मग उडणार. उतरल्यावर पुन्हा तेच. दाराचा सांग!" पोरं हसायची. पण दादांचं ऐकून निघालेल्याचं विमान कधी चुकलं नाही.

मग आमच्या साहेबांच्या डोक्यात नियम आला. गावी जाणाऱ्याला प्रवासासाठी जादा रजा द्यायची की नाही, हे विमानाच्या वेळेवरून ठरणार. दोन तासांच्या आतलं शहर असेल तर डोंबल! दादांना तक्ता करायला सांगितला: शहर, अंतर, विमानाचा वेळ. दादांनी केला आणि आपल्या मनाने चौथा रकाना घातला, 'दारापासून दारापर्यंत'. साहेब मला म्हणाले, "हा फालतूपणा काढून टाक." मी काढला. हो, मीच.

गेल्या वर्षी दादांना गावाहून फोन आला. आई अंथरुणाला खिळली होती, सारखं त्यांचं नाव घेत होती. गाव नागपूरच्या पुढे, एसटीने तीन तास, मग फाट्यावरून चालत. दादांनी चार दिवस मागितले. साहेब वयाने पंधरा वर्षांनी लहान, पण बोलणं अरे-तुरेचं. भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "नागपूर दीड तास. तूच लिहिलंयस ना? उद्या सकाळी जा, रात्री परत ये. परवा टेबलावर दिसला नाहीस, तर पुन्हा येऊच नकोस."

जनाची नाही, मनाची तरी? तुम्हीच सांगा, ती म्हातारी काय विमानतळावर खाट टाकून पडली होती?

दादा पहाटे घाटकोपरहून निघाले. विमान उशिरा सुटलं, एसटी मिळेना. घरी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. परतीचं विमान गाठायचं, तर अडीचला उठणं भाग होतं. ते उठले.

दुसऱ्या दिवशी वेळेवर टेबलाशी हजर. मी विचारलं, तर एवढंच म्हणाले, "माय म्हणत होती, आजच्या दिवस थांब ना रे." मनगटावर घड्याळ नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली. या वेळी दादांनी कोणालाच विचारलं नाही, सरळ निघून गेले. आठवड्याने आले, साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला, तक्त्यापाशी जरा थांबले. जाताना मला "जयभीम, ताई" म्हणाले. तुमचा रकाना बरोबर होता दादा, मी तो काढायला नको होता, हे मला म्हणायचं होतं.

संध्याकाळी साहेब तक्त्यासमोर उभे राहून ओरडले, "हे कोणी खरडलंय? नवीन प्रिंट काढ!" मी जाऊन पाहिलं. नागपूरच्या ओळीत, दीड तासाच्या पुढे, मी रिकाम्या केलेल्या जागेत दादांनी निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'मायजवळ: अर्धा तास'.

"तुमची तुम्ही काढा," मी म्हटलं.

तक्ता अजून तिथेच आहे.